कातडीखाली किडे वळवळतात ही ठाम समजूत: डेल्यूजनल डिसऑर्डर असेल का?

रानजाई: नात्यातल्या एका आजींना (वय ६८) पाच महिन्यांपासून कातडीखाली किडे फिरतात असं वाटतंय. दोन त्वचारोगतज्ज्ञांना काही सापडलं नाही. बाकी सगळं चोख: स्वयंपाक, भिशीचा हिशोब, लोकांत मिसळणं. मग याला मानसिक आजार कसं म्हणायचं? समजवायला गेलं की चिडतात.

सोनटक्का: बाकी सगळं चोख असणं डेल्यूजनल डिसऑर्डरमध्येच (एखादी खोटी समजूत ठाम धरून बसण्याचा मानसिक आजार) बसतं. स्किझोफ्रेनियात बोलणं विस्कटतं, आवाज ऐकू येतात, माणूस कामातून जातो. इथे एकच समजूत घट्ट असते आणि ती सोडली तर माणूस जागेवर असतो. निदानासाठी ही समजूत टिकण्याचा काळ अमेरिकी मानसोपचार संघटनेची नियमावली डीएसएम-५ किमान एक महिना धरते, जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ साधारण तीन. कुणीतरी मागावर आहे, विष घालतंय, हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. जोडीदारावरचा संशय हा आणखी एक. आजींचा शरीराविषयीचा वाटतो. १९३८ मध्ये एकबोम या स्वीडिश डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. यात वळवळ खरोखर जाणवते, त्या नाटक करत नाहीत. डबीत किंवा पुडीत ‘किडे’ जपून ठेवतात का बघा. बहुतेक वेळा खपल्या, धागे, कोंडा निघतो. ते फेकू नका, डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली बघू द्या. न बघताच ‘काही नाही’ म्हणणाऱ्याकडे पेशंट परत जात नाही.

ओटीपोटी: थांबा, आधी शरीर तपासा. खरूज रात्री जास्त खाजते, बोटांच्या बेचक्यांत असते आणि घरात इतरांनाही होते. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर, थायरॉइड, बी१२ करून घ्या. पार्किन्सनसाठी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू असेल तर सांगा, त्यांनीही भ्रम होतात. या वयात नव्यानं सुरू झालंय, तेव्हा स्मरणशक्तीची चाचणीही हवी.

सोनटक्का: बरोबर. आणि घरात वाद नको, होकारही नको. ‘मला किडे दिसत नाहीत, पण तुमची झोप उडालीय हे दिसतंय’ एवढंच म्हणा. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला झोप आणि खाज हेच निमित्त चालतं. फिनेल, रॉकेल, ढेकणांचं औषध अंगाला चोळणं किंवा ब्लेडनं खरवडणं सुरू झालं, की मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रानजाई: डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी न सांगता चहातून दिली तर?

ओटीपोटी: नको. रिस्पेरिडोन (अशा भ्रमावरचं औषध) या वयात अर्ध्या मिलिग्रॅमसारख्या कमी डोसनं सुरू करतात. त्यानंही हातपाय ताठरू शकतात, तोल जाऊ शकतो. चोरून दिलीत तर त्या पडल्यावर कारण कळणार नाही, आणि पकडलं गेलं तर ‘घरचेच विष घालतात’ ही नवी समजूत पक्की होईल. सांगून द्या, फरकाला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.