मनीषनगरात टू बीएचके: टोकन आजच द्यावं का?

प्रश्न
किराया १२,०००, डिपॉझिट ३६,०००. दलाल म्हणतो ५,००० टोकन आजच टाका, दुसरी पार्टी तयार आहे. मालक पुण्याला. काय लिहून घ्यावं? पोलीस व्हेरिफिकेशन मी करायचं की मालकाने?

लाइटबिल
टोकन मालकाच्याच खात्यात, दलालाच्या नाही. आधी महावितरणचं चालू बिल आणि मालमत्ता कराची पावती मागा. त्यावरचं नाव आणि यूपीआयवर दिसणारं नाव जुळलं पाहिजे. मग मालकाकडून व्हॉट्सॲपवर एवढं घ्या: "फ्लॅट नं. अमुकचे ५,००० टोकन मिळाले, डिपॉझिटमध्ये वळते होतील. करार १० तारखेपर्यंत. मी दुसऱ्याला दिला तर पूर्ण परत. तुम्ही नाही म्हटलं तर २,००० कापीन." तारीख आणि कापायची रक्कम नसली की "टोकन बुडालं" ऐकायची तयारी ठेवा. "पैसे परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" म्हटलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही.

प्रश्नकर्ता
मालक म्हणतात ५०० च्या स्टँपवर नोटरी पुरे.

अकरामहिने
पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नसला तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं; मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. हे सांगितलं की बहुतेक मालक ऐकतात. खर्चही फार नाही: ११ महिन्यांचा किराया १,३२,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं ११ महिन्यांचं व्याज ३,३००, बेरजेच्या ०.२५ टक्के म्हणजे ३३८ रुपये स्टँप ड्युटी. नोंदणी फी शहरात १,०००. ऑनलाइन नोंदणीत मालक पुण्यातूनच अंगठा देऊ शकतात.

खाकी
पोलिसांना माहिती मालकाने द्यायची, ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर. तुमचा फोटो, ओळखपत्र, कायमचा पत्ता आणि ओळखीच्या माणसांची नावं लागतात. पोचपावतीची प्रत मागून ठेवा. टोकनच्या वेळी मात्र मास्क्ड आधारच द्या, ज्यात शेवटचे चार आकडे दिसतात. पूर्ण आधार नोंदणीलाच.

लाइटबिल
कुलरचं करारात टाका. स्टँडसाठी भिंतीला छिद्र चालेल का, खिडकीची जाळी कोण कापणार. कुलरच्या पाण्याचे पांढरे ओघळ खालच्या भिंतीवर उतरतात आणि सोडताना डिपॉझिटमधून रंगकाम कापलं जातं. चाबी घ्यायच्या दिवशीच त्या भिंतीचा आणि मीटर रीडिंगचा फोटो मालकाला पाठवून द्या.