मृत्युपत्रात गाण्याच्या संस्थेला १० टक्के ठेवावेत का?

मध्यलय
आम्ही दोघं सध्या मृत्युपत्राचं बघतोय. मुलं आपापल्या जागी नीट आहेत, त्यांना काही कमी पडणार नाही, तर माझ्या मनात असं आहे की मागे जे काही उरेल त्यातले १० टक्के पुण्यातल्या एखाद्या गाणं शिकवणाऱ्या किंवा मैफली करणाऱ्या संस्थेला जावेत. हे घरी बोललो तर मेव्हणे म्हणाले, "गाण्याला? अहो हॉस्पिटलला द्या, देवस्थानाला द्या." म्हणजे द्यायला हरकत नाही, गाण्याला द्यायला हरकत. का बुवा? या गावात भारत गायन समाज १९११ पासून आहे, सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चाललाय, आपण जन्मभर स्वस्तात नाहीतर फुकटात बसून ऐकलं, त्या फुकटाचे पैसे कोणीतरी भरलेच असतील ना.
इंग्लंडात इस्टेटीतले निदान १० टक्के धर्मादाय संस्थांना ठेवले तर वारसा कर ४० चा ३६ टक्के होतो. म्हणजे तिथे निदान हिशेबासाठी तरी माणूस विचार करतो. आपल्याकडे तो करच १९८५ ला गेला, त्यामुळे कोणाला सुचतच नाही. कर वाचवायला नाही, नुसतं वाटतं म्हणून ठेवावं, असं माझं मत. तुमचं?

शनिवारातला
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. तुम्ही गेल्यावर ते पैसे मुलांचे, म्हणजे झळ मुलांना आणि पाटी तुमच्या नावाची. द्यायचंय ना, मग आज चेक फाडा आणि ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती घ्या (जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर, नव्यात ती वजावट नाही). मेल्यावर पावती काय फोटोला लावणार? दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेले दिवे, अडकित्ते, वाद्यं, हजारो वस्तू हयात असताना सरकारच्या हवाली केल्या आणि गेलेल्या मुलाच्या नावाचं म्युझियम स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. दान असं असतं.

मध्यलय
@शनिवारातला हलवाई मीच आहे हो, दुकानही माझंच, सगळं स्वकष्टाचं. आज द्या म्हणता, पण मी ७५ ला जाणार की ९५ ला, मधे आयसीयूचं बिल किती, रात्रंदिवस मावशी ठेवावी लागली तर किती, हे सांगा म्हणजे लगेच चेक लिहितो. मृत्युपत्रात टक्के लिहिले की उरलं तर जाईल, नाही उरलं तर नाही, आणि मन बदललं तर तेही बदलता येतं.

तंबोऱ्याची खुंटी
एका छोट्या संस्थेचे हिशेब बघते, नाव सांगत नाही. दिलं पाहिजे या बाजूची आहे मी, पण लोक देतात कसं ते ऐका. आमच्या हॉलमधे सहा पंखे आहेत, सहाही पंख्यांच्या पात्यांवर लाल रंगात "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ", पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही आणि बंद असला की गरम होतं. पंखे भरपूर, वीजबिल मात्र कोणाच्याच स्मरणार्थ भरलं जात नाही.
त्याहून वैताग म्हणजे पारितोषिकं. कोणीतरी कधीकाळी ५००० ची ठेव ठेवली, "फक्त व्याजातून, दरवर्षी, शास्त्रीय गायनातल्या पहिल्या विद्यार्थिनीला". तेव्हा मोठी रक्कम होती. आता व्याज येतं साडेतीनशेच्या आसपास, त्यातून ३०१ चं पाकीट, आणि त्याची वेगळी नोंद, ऑडिटला वेगळी ओळ, प्रमाणपत्राची छपाई वेगळी. मुलगी हसत हसत घेते बिचारी. असल्या ठेवी आमच्याकडे ढीगभर आहेत. मला लागतात ते पैसे तबलजीच्या मानधनाला, तंबोऱ्यांच्या जवारीला (तारांचा आवाज नीट लागावा म्हणून घोडी घासून घ्यावी लागते), भाड्याला, गळणाऱ्या पत्र्याला. मृत्युपत्रात काही लिहिणारच असाल तर "संस्थेच्या उद्दिष्टांसाठी, कार्यकारिणीला योग्य वाटेल तसं" एवढंच लिहा. अटी घालू नका. गेल्यावर अटी बदलायला तुम्ही येणार नसता.

खिडकीकडची सीट
मी विरोधात. ताईंचं सगळं खरं असेल पण गाणं ऐकणारे लोक कोण आहेत? कोथरूड, सहकारनगर, औंध, फ्लॅटवाले, पेन्शनवाले, मुलं बाहेर. त्यांना गाणं पाहिजे तर तिकीट ५०० चं १००० करा, देतील की! एका बाजूला ससूनच्या आवारात पेशंटचे नातेवाईक चटई टाकून झोपतात आणि आपण मागे ठेवलेला पैसा खयालाला द्यायचा, मला नाही पटत. कला समाजाने जगवावी वगैरे ठीक आहे पण समाज म्हणजे तिकीट काढणारा माणूस. आणि गंमत बघा, पुलंच्या फाउंडेशनच्या देणगीतून पुण्यात काय झालं, तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांची विज्ञान शोधिका. नाटक-गाण्यात जन्म गेलेल्या माणसालासुद्धा पैसा दुसरीकडे जावासा वाटला.

नेपथ्य
@खिडकीकडची सीट पुलंच्या फाउंडेशनने एकाच ठिकाणी दिलं नाही हो, रंगमंचापासून रक्तपेढीपर्यंत कुठे कुठे दिलंय, आणि दिलं यावर तर तुमचा माझा वाद नाहीच.
तिकिटाचं म्हणाल तर पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, कॉलेजची पोरं येतात, खिशात बसच्या पासाशिवाय काही नसतं. त्यांच्याकडून १००० काढायचे? प्रायोगिक नाटक छोट्या जागेत होतं, शंभरेक खुर्च्या, हाउसफुल्ल झाला तरी लाइटवाला, टेम्पो, तालमीची जागा एवढं निघत नाही. तिकिटावर जगेल तेवढंच ठेवायचं म्हटलं तर दोन विनोदी नाटकं आणि एक टीव्ही स्टारचा इव्हेंट उरेल. ससूनला द्याच, पण दहातले दहाही टक्के तिकडेच गेले पाहिजेत असं कोणी सांगितलं.

खिडकीकडची सीट
@नेपथ्य विनोदी नाटकांना काय झालं?? उलट तीच स्वतःच्या पायावर उभी आहेत. माझा मुद्दा तोच.

दोन साक्षीदार
वाद चालू द्या, मी कामाचं लिहितो, वकिली करतो.
संस्थेचं नाव रजिस्ट्रेशनला आहे तेच, नोंदणी नंबरासकट लिहा. लोक सर्रास "सवाई गंधर्वला द्यावेत" लिहितात, तो महोत्सव झाला, संस्था आर्य संगीत प्रसारक मंडळ. तसंच "पुरुषोत्तम करंडकवाल्यांना" लिहू नका, ते महाराष्ट्रीय कलोपासक. नाव धड नसलं की वारसांना हरकत घ्यायला दार उघडं. साक्षीदार दोन लागतातच, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला मृत्युपत्रातून काही दिलं असेल तर ख्रिश्चन-पारशांच्या मृत्युपत्रात तेवढं देणं बाद होतं, बाकीचं मृत्युपत्र टिकतं; हिंदूंना हा नियम लागत नाही, तरी शंका घेतली जातेच. म्हणून संस्थेच्या कार्यवाहांना प्रेमाने सहीला बोलावू नका, उगाच वादाला जागा. नोंदणी सक्तीची नाही पण मी करायला सांगतो, स्टॅम्प ड्युटी लागत नाही.
वडिलोपार्जित मिळकतीत फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहिता येतं. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या वर देता येत नाही. आणि बँकेत, डीमॅटला नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नाही, शेअर्सबद्दल तर सुप्रीम कोर्टाने २०२३ ला स्वच्छ सांगितलंय. तेव्हा नॉमिनी मुलगा आणि मृत्युपत्रात संस्था असं असेल तर मुलाला आत्ताच सांगून ठेवा.

सातासमुद्रापार
शेवटच्या ओळीवरून लिहिते. आमच्या काकांनी फ्लॅटचा एक तृतीयांश हिस्सा एका कलासंस्थेला लिहून ठेवला, कोणाला न सांगता. काकू त्याच फ्लॅटमधे राहात होत्या. कळलं कधी, तर तेराव्यानंतर कपाट उघडलं तेव्हा. संस्थेची माणसं भली होती, काकूंना कोणी बाहेर काढत नव्हतं, पण संस्थेच्या नावावर स्थावर मिळकत आली की ती विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, त्यामुळे काकूंना लहान जागेत जायचं होतं तरी काही हलेना, संस्थेला पैसे दिसेनात, सोसायटीला मेंटेनन्सचं बिल कोणाला पाठवायचं ते कळेना. सगळे चांगले आणि सगळे अडकलेले. माझा आक्षेप दानाला नाही, गुपचूप दानाला आहे. आणि राहत्या घराचा तुकडा तर कधीच देऊ नका, एफडी द्या, म्युच्युअल फंड द्या.

शनिवारातला
बघा, हेच म्हणत होतो! आणि अख्खा बंगला दिला तरी काय होतं तेही ऐका. होमी भाभांचे भाऊ जमशेद भाभा २००७ ला गेले, मलबार हिलवरचा मेहरांगीर बंगला एनसीपीएला, म्हणजे मुंबईच्या नाटक-संगीताच्या संस्थेला, ठेवून. संस्थेने २०१४ ला लिलाव केला, ३७२ कोटींना. अणुशास्त्रज्ञाचं घर, स्मारक करा म्हणून शास्त्रज्ञ मागे लागले होते, पुढे बंगलाच पाडला. घ्या!

नेपथ्य
@शनिवारातला अहो मग झालं ना त्यांच्या मनासारखं! जमशेद भाभांनी जन्म एनसीपीए उभारण्यात घातला, बंगला दिला तो तिथल्या थिएटरांसाठी, भिंती जपायला नाही. ३७२ कोटीत किती वर्षं पडदा वर जाईल विचार करा. स्मारकच हवं असेल तर तसं मृत्युपत्रात लिहायचं किंवा दुसऱ्या कोणाला द्यायचं. तुम्हाला वस्तूचं वाईट वाटतंय, त्यांना नाटक-संगीताचं पडलं होतं.
आणि द्यायला बंगला लागत नाही. कोणी लिहितं, चाली बांधतं, त्यांच्या साहित्य-संगीताचा कॉपीराइट आपल्याकडे मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तोही मृत्युपत्राने देता येतो. नाटककार बर्नार्ड शॉने १९५० ला जाताना पुढची रॉयल्टी शेवटी तीन संस्थांत वाटली जाईल अशी सोय केली, त्यात लंडनची नाटक शिकवणारी अकादमी होती. त्याच्या पिग्मॅलियन नाटकावरून केलेलं संगीतक आलं १९५६ ला, म्हणजे तो गेल्यावर, आणि धो धो चाललं. किती जातील याचा त्याला स्वतःला पत्ता असणं शक्यच नव्हतं.

शनिवारातला
@नेपथ्य शॉला मुलं नव्हती. मुद्दा संपला.

तंबोऱ्याची खुंटी
@शनिवारातला मुलं असलेल्यांनीच ते सगळे पंखे दिलेत हो.

मध्यलय
नमस्कार, मी ह्यांची बायको, ह्यांच्याच आयडीवरून लिहितेय, हे फिरायला गेलेत. वर सगळीकडे "माझं, स्वकष्टाचं" चाललंय म्हणून सांगते, फ्लॅट माझ्या नावावर आहे, बँकेतली नोकरी मी केली, हे ह्यांनी लिहिलेलं दिसत नाही. फ्लॅट जाईल मुलांकडेच. माझ्या ठेवींतले ५ टक्के मी नाटकाला ठेवणार, गाण्याला ह्यांचे ह्यांनी ठेवावेत, दोघांची मृत्युपत्रं वेगवेगळी. मुलांना रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगणार आहोत, सून काय म्हणते बघू.
@तंबोऱ्याची खुंटी एक विचारायचं होतं. माझ्या वडिलांच्या नावाने आम्ही भावंडांनी एका संस्थेत असंच पारितोषिक ठेवलंय, व्याजातून द्यायचं म्हणून. आम्ही तिघंही हयात आहोत. तिघांनी सही करून दिलं की यापुढे हे पैसे भाड्याला वापरा, तर संस्थेला चालतं का, की दोन साक्षीदार यांनाच विचारायचं?

दोन साक्षीदार
संस्थेला आपल्या मनाने उद्देश बदलता येत नाही, पण देणारे हयात आहात हे बरं आहे. ठेवताना दिलेलं पत्र आणि त्या वर्षीची पावती शोधा आधी, अट कोणत्या शब्दांत घातलीय त्यावर आहे सगळं. मिळालं की मेसेज करा.