ड्रॅक्युलावरचा दीड तासाचा, लेकीसोबत बघता येईल असा सिनेमा सुचवा

वाचनवेडी
नमस्कार मंडळी. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' नुकतीच वाचून संपवली. डायऱ्या, पत्रं, जहाजाच्या कप्तानाची रोजनिशी अशा तुकड्यातुकड्यांतून गोष्ट उलगडते, ते तिला फार आवडलं. काउंट किल्ल्याच्या भिंतीवरून पालीसारखा, डोकं खाली करून उतरतो ते पान तर तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. शनिवारी रात्री दोघींना मिळून यावरचा सिनेमा बघायचाय. लांबी दीड तासाच्या आसपास हवी. रक्ताचे पाट आणि शय्यादृश्यं नकोत. पुस्तकाशी शक्य तितका प्रामाणिक हवा. कोणता बघू?

शेवटचीरांग
दिग्दर्शक कपोलाचा १९९२चा. दुसरा विचारच करू नका! मी थिएटरात लागोपाठ दोन दिवस पाहिला होता. गॅरी ओल्डमन इकडे उभा आणि त्याची सावली भिंतीवर आपल्या मर्जीने हात पुढे करतेय, हे आजही डोळ्यांसमोर आहे. संगणकावर काही केलेलं नाही, सगळ्या करामती कॅमेऱ्यात आणि सेटवर. एको इशिओकाने केलेल्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं, शिवाय मेकअपला आणि ध्वनिपरिणामांनाही. दोन तास आठ मिनिटांचा आहे, पण वेळ कुठे गेला कळणार नाही.

कृष्णधवल
अहो, ताईंनी दीड तास म्हटलंय आणि शय्यादृश्यं नकोत म्हटलंय. तुम्ही नेमका तोच सुचवताय! आणि पुस्तकाशी प्रामाणिक? पुस्तकाची नायिका मीना ही काउंटच्या बायकोचा पुनर्जन्म, हे पुस्तकात कुठे आहे? स्टोकरचा काउंट कुणाच्या प्रेमात झुरत नाही, तो घरात शिरलेला रोग आहे. १९३१चा बेला लुगोसीचा बघा. सव्वा तासात संपतो. रक्त नाही, सुळेसुद्धा दिसत नाहीत. लुगोसीने हीच भूमिका आधी १९२७ पासून ब्रॉडवेवर केली होती, म्हणून त्याचं नुसतं जिना उतरणंही बघत राहावंसं वाटतं.

रातराणी
१९३१चा मी बघितलाय. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, दुसऱ्या अर्ध्यात सगळे दिवाणखान्यात उभं राहून बोलत असतात. माझा भाऊ मध्येच उठून गेला. आणि किल्ल्यात पुस्तकातल्या वकील हार्करऐवजी वेड्यांच्या इस्पितळातला रेनफिल्ड जातो, पुस्तक ताजं असलेल्या मुलीला हे पहिल्या दहा मिनिटांत खटकेल. त्याच सेटवर रात्रपाळीत स्पॅनिश आवृत्ती काढली होती, तिचा कॅमेरा जास्त हलता आहे. पण ती आणखी लांब.

अमावास्या
एगर्सचा २०२४चा नोस्फेराटू, म्हणजे नावं बदललेली ड्रॅक्युलाचीच गोष्ट. छायाचित्रण बघाच, मेणबत्तीच्या उजेडाबाहेर काय आहे ते कळत नाही आणि नजर तिथेच जाते. शिवाय बिल स्कार्सगार्डला मिशा आहेत! पुस्तकातल्या काउंटलाही लांब पांढऱ्या मिशा आहेत, पण बहुतेक दिग्दर्शक त्याला गुळगुळीत दाढी करूनच उभा करतात.

सावली७९
अमावास्या, तेरा वर्षांच्या मुलीला? मी हा चौदा वर्षांच्या भाच्याबरोबर लावला. उंदरांपर्यंत तो कसाबसा टिकला. नंतर चार रात्री दिवा लावून झोपला आणि ताईची बोलणी मी खाल्ली. सिनेमा उत्तम आहे, पण मोठ्यांनी बघायचा. दोन तास बारा मिनिटं आहे, हेही सांगायला हवं होतं.

शेवटचीरांग
तेच म्हणतोय, त्यापेक्षा १९९२चा.

गडद_लाल
ख्रिस्तोफर ली आणि पीटर कुशिंगचा १९५८चा कुणीच कसा सांगत नाही? ८२ मिनिटं. लांबीत बसणारा. शेवटी कुशिंग टेबलावरून धावत जाऊन पडदा खाली ओढतो आणि ऊन आत येतं, त्या प्रसंगासाठी मी तो निदान दहा वेळा पाहिलाय. थोडं रक्त आहे, पण आजच्या मानाने काहीच नाही.

कृष्णधवल
उन्हाने मरणं पुस्तकात नाहीच! पुस्तकातला काउंट दिवसा हिंडतो, फक्त त्याच्या शक्ती तेव्हा चालत नाहीत. हार्करला तो पिकॅडिलीत भरदिवसा दिसतो. आणि शेवटी मरतो तो सूर्यास्ताला, दोन सुऱ्यांनी. ऊन आलं ते मुर्नाऊच्या १९२२च्या नोस्फेराटूतून.

गडद_लाल
तरी तो पडद्याचा प्रसंग बघाच.

रातराणी
१९२२चा मूकपट मात्र लावू नका. ऑर्लॉक, म्हणजे त्यातला ड्रॅक्युला, भरदुपारी शवपेटी काखेत घेऊन गावातून चालतो. मुलांना हसू येतं.

जुनीरीळ
रातराणी, तुम्ही रंग न दिलेली प्रत पाहिली असणार. रात्रीचे प्रसंगही दिवसाच चित्रित केले होते, आणि प्रतीवर निळी छटा दिली की ती रात्र असं प्रेक्षकाने समजायचं. छटा गेल्या की रात्रीची दुपार होते. म्हणून छटा असलेली, दुरुस्त केलेली प्रतच शोधा, साधारण दीड तासाची आहे. काही प्रतींत मधूनमधून येणाऱ्या संवादांच्या पाट्यांवर ऑर्लॉकऐवजी ड्रॅक्युला नाव आहे, त्यानेही गोंधळ होतो. मुळात पुस्तकाचे हक्क न घेताच तो काढला होता. स्टोकरच्या पत्नीने खटला लढवला आणि १९२५ साली न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या, म्हणून आपण आज बघतोय.
अर्थात ताईंच्या लेकीसाठी मी १९७७ची बीबीसीची सांगेन. लुई जुर्डान आहे. पुस्तकाच्या इतकी जवळ दुसरी नाही, भिंतीवरून डोकं खाली करून उतरणंही आहे. अडीच तासांची आहे, दोन रात्रींत विभागा.

वाचनवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी आम्ही १९२२चा पाहिला, निळी छटा असलेली प्रत. बहुतेकांनी दुसरं सांगितलं होतं याची कल्पना आहे. पण न्यायालयाने नष्ट करायला सांगितलेला सिनेमा म्हटल्यावर लेक दुसरं काही ऐकेना.
ती पाट्या मोठ्याने वाचत होती. नायिका एलेनची वेगळ्या आवाजात, तिच्या नवऱ्याची, हटरची, वेगळ्या. जहाजाच्या तळाशी ऑर्लॉक पेटीतून गुडघे न वाकवता फळीसारखा ताठ उभा राहतो, तिथे वाचणं थांबलं आणि तिने माझा दंड धरला. जिन्यावरून सावली वर चढते, बोटं लांब होत जातात, तोवर तो सुटला नाही. दुसऱ्या दिवशी दंडावर तिच्या नखांच्या खुणा होत्या.
भिंतीवरून उतरणं यात नाही, ते तिने लगेच सांगितलं. म्हणून पुढच्या शनिवार-रविवारी १९७७ची लावतोय.

शेवटचीरांग
ती अठराची झाली की १९९२चा. मोठ्या पडद्यावर, मागची रांग.