युफ्का 'लाटायची' की 'उघडायची'? योग्य मराठी क्रियापद सुचवा

अंकारात राहायला आल्यापासून शेजारच्या मैत्रिणीकडे सू बोरेई शिकते आहे. 'सू' म्हणजे पाणी. अंडी घालून मळलेल्या कणकेच्या पातळ पोळ्या (त्यांनाच युफ्का म्हणतात) क्षणभर उकळत्या पाण्यात सोडायच्या, थंड पाण्यात टाकायच्या, फडक्यावर निथळायच्या, मग परातीत लोणी लावत एकीवर एक रचायच्या. मधे पांढरं चीज आणि पार्स्ली. शेवटी भट्टीत खरपूस भाजायचं. बहिणीसाठी ही कृती मराठीत लिहायला बसले आणि क्रियापदांशी अडले.

तुर्कीत कणीक लाटत नाहीत, 'उघडतात'. शब्द आहे 'आचमाक'. दार उघडायचं, पुस्तक उघडायचं, दिवा लावायचा, सगळीकडे हाच. आधी मला ही नुसती बोलण्याची लकब वाटली. पण मैत्रिणीचे हात पाहिले आणि पटलं. तिची काठी, ओक्लावा, बोटाएवढी बारीक आणि आपल्या लाटण्याच्या दुपटीहून लांब. (जाड लाटणं तिच्याकडे आहे, त्याला मेर्दाने म्हणतात. युफ्काला ती ते घेत नाही.) गोळा ताटलीएवढा झाला की त्याची कड काठीवर गुंडाळते, दोन्ही तळवे मधून टोकांकडे सरकवत काठी पुढेमागे फिरवते, मग पोळी उलगडते, जरा फिरवते, पिठी भुरभुरवते आणि पुन्हा गुंडाळते. दर वेळी उलगडताना पोळी आधीपेक्षा रुंद झालेली असते. शेवटी तिच्याखालचं लाकूड दिसतं. 'लाटणे' म्हटलं की मला दाब आठवतो. इथे दाब जवळपास नाहीच.

दुसरी अडचण 'हाश्लामाक', म्हणजे ते पाण्यात सोडणं. 'पोळ्या उकडा' लिहिलं तर बहीण त्या दहा मिनिटं पाण्यात ठेवेल. काय लिहू?

प्रतिसाद

ताई, आमच्या खानदेशात खापरावरच्या पुरणपोळीला थोडंच लाटतात, पुढे सगळं हातावर. आजी 'पोळी लाट' म्हणत नसे, 'हातावर मोठी कर' म्हणायची. म्हणजे दाबाशिवाय वाढणाऱ्या पोळीला आपल्याकडेही वेगळं बोलतात. मी 'वाढवणे' सुचवेन. पण 'पोळी वाढ' म्हटलं की कुणीही ताटात वाढायला उठेल, ही पंचाईत आहेच.

प्रतिसाद

'उघडणे' ठेवू नका, कृपया. मराठीत बंद असलेलं, झाकलेलं उघडतं. कणकेचा गोळा बंद नसतो. तुम्ही स्वतःच वर दोनदा 'उलगडणे' लिहिलं आहे. घडी उलगडते, लुगडं उलगडतं, गुंडाळलेली वस्तू उलगडते. तुमची पोळी खरोखर गुंडाळलेली आहे. याहून नेमका शब्द मिळणार नाही.

प्रतिसाद

थोडं अवांतर, पण राहवत नाही. तुर्कीत कणकेला 'हामुर' म्हणतात ना? तो अरबी 'खमीर'. आपण 'खमीर' म्हणतो ते आंबवणाला, ज्याने रोटी खमिरी होते. तुर्कीत तोच शब्द साऱ्या कणकेचा झाला, मग ती आंबवलेली असो नसो. आणि आंबवणाला त्यांनी फारसीतला 'माया' घेतला. चीजला ते म्हणतात तो 'पेय्निर' आणि आपला 'पनीर' तर सख्खी भावंडं. फक्त बहिणीला पनीर लिहू नका, ती आपलं बिनमिठाचं घालेल. तुमचं ते खारवलेलं असणार.

प्रतिसाद

'युफ्का'चा मूळ अर्थच 'पातळ'. 'युफ्का युरेक्ली' म्हणजे ज्याचं काळीज पातळ तो, आपल्या भाषेत हळवा. युनेस्कोने 2016 साली युफ्का, लवाश वगैरे पातळ रोट्या करण्याची आणि वाटून खाण्याची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तुर्कस्तान, इराण, अझरबैजान, कझाकस्तान आणि किर्गिझस्तान अशा पाच देशांच्या नावावर. म्हणून नाव युफ्काच ठेवा. 'पोळी' लिहिलं की वाचणारा तवा तापवायला घेतो.

पाण्याबद्दल: 'आधण' हा शब्द का विसरायचा? 'आधणात सोडून लगेच काढा'. उकडण्याचा प्रश्नच उरत नाही.

मूळ लेखिका

आधण! लहानपणी रोज कानावर पडलेला शब्द, आणि मी 'उकळते पाणी' लिहीत बसले होते. मनापासून आभार. खारवलेल्या चीजची सूचनाही घेतली.

'उलगडणे' काल मैत्रिणीसमोर ओट्यावर तपासून पाहिलं. पहिला टप्पा, गोळ्याची ताटली होईपर्यंत, तो लाटण्याचाच आहे, तिथे जोर लागतो. त्यानंतर काठीला गुंडाळून उलगडणं. ती दोन्हींना आचमाकच म्हणते. आपल्याला दोन शब्द लागतात, आणि मला ते आवडलं. शिकणाऱ्याला जोर कुठे थांबवायचा ते शब्दातूनच कळतं. माझ्या पहिल्या तीन युफ्का फाटल्या त्या याच वळणावर, मी जोर लावत राहिले म्हणून.

कणकेचं मापही नव्याने लिहिलं. तुर्कीत मऊ कणकेला 'कुलाक मेमेसी' म्हणतात, म्हणजे कानाची पाळी. सू बोरेईची त्याहून जरा घट्ट हवी. मैत्रीण एका हाताने कान चाचपते, दुसऱ्याने कणीक. हे भाषांतर न करता तसंच ठेवलं आहे, कान सगळ्यांनाच असतात. आता ओळी अशा झाल्या:

'कणीक कानाच्या पाळीहून थोडी घट्ट मळावी आणि ओल्या फडक्याखाली मुरू द्यावी. गोळा ताटलीएवढा लाटावा. पुढे जोर न लावता काठीवर गुंडाळत, उलगडत न्यावा, खालचं लाकूड दिसेपर्यंत. पहिली आणि शेवटची युफ्का कोरडीच ठेवावी. बाकीच्या एकेक करून मिठाच्या आधणात सोडून लगेच थंड पाण्यात काढाव्यात.'

एक राहिलं. खाऊन झाल्यावर इथे करणाऱ्याला 'एलिने साअलिक' म्हणतात, तुझ्या हाताला आरोग्य लाभो. मी तिला आपलं 'हाताला चव आहे' समजावून सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, आणि संध्याकाळी तिच्या आईला फोनवर तुर्कीत सांगताना मी ऐकलं.