२२ वर्षांनी गिटार घेतली, दोन शंका आहेत (आणि बरंचसं कौतुक)

पाथर्डीफाटा_स्प्लेंडर

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, प्रश्न सगळ्यात खाली आहेत, वर नुसतं कौतुक आहे, ज्यांना घाई असेल त्यांनी सरळ खाली जावं, राग नाही.

शनिवारी गिटार घेतली. यामाहा एफ३१०. हे लिहितानासुद्धा दोनदा वाचून बघितलं.

२००३ ला सातपूरला आयटीआयला होतो, टर्नर ट्रेड. गॅदरिंगला इलेक्ट्रिशियनच्या एका पोराने गिटार आणली होती. प्रॅक्टिस संपल्यावर त्याने दहा मिनिटं माझ्या हातात दिली. वाजवायला काय येणार कप्पाळ, नुसता अंगठा वरच्या जाड तारेवरून खाली ओढला आणि ते लाकूड पोटाला लागून जे थरथरलं ना, ती थरथर अजून पोटात आहे. घरी वडिलांची पेटी होती, भजनी मंडळात वाजवायचे, मी टाळ धरायचो, म्हणजे वाद्यं काही नवीन नव्हती पण पेटी अशी पोटाशी धरता येत नाही.

तेव्हापासून दोनदा पैसे जमवले. एकदा बहिणीच्या लग्नात गेले, एकदा वडिलांच्या दवाखान्यात. त्याबद्दल काही म्हणणं नाही, जायलाच हवे होते. पण मेन रोडला कधी गेलो की वाद्यांच्या दुकानासमोर गाडी आपोआप स्लो व्हायची. बायको मागून म्हणायची, चला, हिरवा सिग्नल आहे.

यावेळी कंपनीतली भिशी लागली, दहा जणांची, हजार हजारची. मी घरी येऊन फ्रिजचा विषय काढला तर बायकोच म्हणाली, फ्रिजला अजून दोन वर्षं काही होत नाही, तुम्ही ते घ्या एकदाचं आणि माझ्या मागची कटकट संपवा.

कॉलेज रोडच्या एका दुकानातून घेतली. मुलगी स्प्लेंडरवर मागे बसली, गिटार उभी धरून, बाळाला धरतात तशी. एबीबी सर्कलला शेजारी रिक्षावाला थांबला, म्हणे भाऊ सिग्नल मोठा आहे, एखादं होऊन जाऊ द्या. पुढे आयटीआय सिग्नल लागला, तिथे मी उगाचच हॉर्न वाजवला. मुलगी म्हणे समोर कोणीच नाहीये पप्पा. तिला काय सांगणार.

आता चार दिवस झाले. रात्री दोनला पाणी प्यायला उठतो आणि बॅगची चेन थोडी उघडून वास घेऊन परत झोपतो. बाकी कोणाला सांगू नका.

तर शंका. एक, तारा फार उंच वाटतात, दाबताना बोटं कापली जातायत. मी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) सेटर आहे त्यामुळे गप्प बसवलं नाही, ड्रिल बिटचे दांडे घालून मोजलं. बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) जाड तारेखाली ३.४ मिमी, बारीक तारेखाली २.७. हे बरोबर आहे का? दुकानदार म्हणाला होता सेटिंग करून देतो, गर्दी होती, केलंच नसावं बहुतेक. दुसरी, मोबाईलच्या ॲपवर सगळ्या तारा हिरव्या दाखवतात पण जी कॉर्ड (एकदम वाजणारे काही स्वर) वाजवला की बारीक तारेकडून दुसरी तार मला किंचित चढी लागते. बायकोला काही फरक कळत नाही, ॲपलाही नाही. माझे कान खराब की गिटार?

---

कडक_मिसळ

अभिनंदन भो! पण एक सांगू का, थोडं थांबून सॉलिड टॉप घ्यायला पाहिजे होती. एफ३१० चा टॉप लॅमिनेट म्हणजे प्लायच असतो, थर चिकटवलेले. यामाहाच्याच एफजी८०० ला वरची फळी अख्ख्या स्प्रूस लाकडाची येते, वाजवून वाजवून आवाज खुलत जातो तिचा. आता तू २२ वर्षं थांबलाच होतास तर अजून सहा महिन्यांनी काय बिघडलं असतं.

---

सहावी_तार

मिसळभाऊ, २२ वर्षं थांबलेल्या माणसाला अजून सहा महिने थांब म्हणणारा तूच एक 😄

आणि नाशिकच्या हवेचा विचार कर जरा. आपल्याकडे एप्रिल मे मधे ओठ फुटतात इतकी हवा कोरडी आणि जुलैत धुतलेले सॉक्स चार दिवस वाळत नाहीत. अख्ख्या लाकडाच्या गिटारला आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्क्यांत लागते. पावसाळ्यात टॉप पाणी धरून फुगतो, तारा वर येतात, उन्हाळ्यात आकसतो, तारा बसतात आणि फ्रेटची टोकं बाजूने हाताला टोचायला लागतात. माझ्याकडे सॉलिड टॉप आहे, तिच्यासाठी बॅगेत आर्द्रतेचा मीटर ठेवतो, लहान मुलाचा ताप बघावा तसा बघतो. लॅमिनेटला हे सगळं बरंच कमी. पहिली गिटार म्हणून एफ३१० वर शिकलेली निम्मी पोरं भेटतील तुला कॉलेज रोडला. आवाज उन्नीस बीस असेल, पण ती रोज हातात घेतली जाते.

स्प्लेंडरवाले, तुमच्या मापाबद्दल. ३.४ म्हणजे उंचच आहे, कान आणि बोटं दोन्ही ठीक आहेत तुमची. जाड तार २.५ च्या आसपास आणि बारीक २ च्या आसपास असली की हात सुखात राहतो. पण लगेच ब्रिजवरची (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो भाग) पट्टी घासायला बसू नका, आधी मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, मान जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर जाड तार दाबा, आणि सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यात किती फट आहे ते फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. ०.२ ते ०.२५ असेल तर छान. जास्त असेल तर मान पुढे वाकली आहे. त्यात नवल नाही, बारा गेजच्या (जाडीच्या) सहा तारा मिळून सत्तर किलोच्या वर ओढतात. एक मोठा माणूस चोवीस तास मानेला लटकलाय असं समजा. त्यासाठीच मानेच्या आत ट्रस रॉड, म्हणजे धातूचा दांडा, असतो. होलमधून अ‍ॅलन की घालून घड्याळाच्या दिशेने पाव आट्यापेक्षा कमी फिरवा, परत ट्यून करा, परत मोजा. घट्ट लागला की थांबायचं, जोर नाही करायचा.

मान सरळ झाल्यावरही तारा उंच असतील तरच सॅडल, म्हणजे ब्रिजवरची पांढरी पट्टी. ती नुसती खाचेत बसलेली असते, तारा सैल केल्या की निघते. खालची बाजू घासायची, वरची गोलाई नाही. हिशोब लक्षात ठेवा, बाराव्या फ्रेटवर जेवढं कमी हवंय त्याच्या दुप्पट सॅडलमधून जातं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो. काचेवर २२० चा पॉलिश पेपर पसरून पट्टी सरळ धरून घासा. जरा तिरकी घासली की सगळ्या तारांचा आवाज सारखा येत नाही. सरफेस प्लेटवाल्या (एकदम सपाट पाटावर मापं घेणाऱ्या) माणसाला मी हे सांगतोय, हसू नका.

---

कडक_मिसळ

बरं बाबा मी चूक. पण उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत किंवा बंद कारमधे ठेवू नको हे तरी मान्य कर. आमच्या मित्राने मे महिन्यात दुपारभर कारमधे ठेवली, गोंद मऊ पडून ब्रिज उचकटला, तारांनीच ओढून काढला. आणि बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नको, पावसाळ्यात बॅगेत टाक.

---

तानपुरा_पंचवटी

मी गिटारवाली नाही, गाणं शिकते आणि थोडंफार शिकवते, पण दुसऱ्या शंकेत नाक खुपसल्याशिवाय राहवत नाही.

दादा, तुमचे कान खराब नाहीत. वडिलांच्या भजनात लहानपणापासून बसलात ना, त्याचंच हे. गिटारवर जी कॉर्डमधे जी हा सा धरला तर ती दुसरी तार बी असते, म्हणजे तुमचा गंधार. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप जो गंधार ऐकू येतो तो सा पासून साधारण ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) असतो. गिटारचे पडदे (आम्ही फ्रेटला पडदेच म्हणतो) सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेले, म्हणून तिथला गंधार ४०० सेंटवर येतो. चौदा सेंट चढा. सगळ्यांना नाही जाणवत, ज्याला जाणवतो त्याला मात्र खुपतो. ॲपला बारा सारखे भाग शिकवलेत, ते हिरवंच दाखवणार.

पेटीचंही तेच आहे, स्वर आधीच पक्के केलेले. आकाशवाणीने १९४० मधे पेटीवर बंदी घातली होती ना, त्या वादात हा मुद्दा होताच की पेटीवर श्रुती (स्वरांमधले बारीक फरक) मिळत नाहीत आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही. पण वडिलांच्या पेटीतला गंधार तुम्हाला कधी खुपला नसेल कारण सोबत दहा माणसं गात होती, गळे आपोआप जागेवर येतात. गिटार तुम्ही रात्री एकटे वाजवताय, म्हणून ऐकू येतोय.

आता काही जण जी वाजवायचा म्हणून दुसरी तार कणभर उतरवतात. तेवढ्यापुरतं गोड लागतं, पण लगेच ई कॉर्ड वाजवा, तीच तार तिथे पंचम असते आणि तो पंचम उतरतो. म्हणून मी म्हणेन तार ॲपवरच लावा, आणि ते खुपणं राहू द्या. नाही तरी त्या खुपण्यामुळेच गाताना तुमचा गंधार जागेवर राहील.

एक विचारू? वडिलांची पेटी आहे का अजून?

---

बोटांची_साल

मी ४७ व्या वर्षी सुरू केली, दीड वर्ष झालं. एकच सल्ला, ई मायनर पासून चालू करा, दोनच बोटं लागतात आणि पहिल्या दिवशी काहीतरी वाजल्यासारखं वाटतं. मग जी, सी, डी. एफ च्या नादी दोन महिने लागू नका, पहिलं बोट आडवं सगळ्या तारांवर दाबायचं असतं, माणूस रडतो. बोट फ्रेटच्या अगदी मागे ठेवा, डोक्यावर नाही, निम्मा जोर पुरतो. साल निघेल, निघू द्या, तीन आठवड्यांत घट्टे पडतात. मला तर भाजी चिरताना पण उपयोग झाला. डाव्या हाताची नखं मात्र रविवारची वाट न बघता कापायची.

आणि रात्री दोनचं कोणाला सांगत नाही. मी एकला उठायचो.

---

पाथर्डीफाटा_स्प्लेंडर

सगळ्यांना उत्तर देतोय, उशीर झाला, सेकंड शिफ्ट चालू आहे.

मान मोजली. सातव्या फ्रेटवर फट ०.४५ निघाली. दोन दिवसांत दोनदा थोडं थोडं फिरवलं, मधे एक रात्र जाऊ दिली, आता ०.२२ वर आहे. अ‍ॅलन की फिरवताना लाकडातून एक करकर आली तेव्हा बायको म्हणे तुमचा चेहरा पांढरा पडलाय. काही झालं नाही. त्यानंतर तारा ३.२ वर आल्या. मग सॅडल. सहावी_तार, तुम्ही हसू नका म्हणालात पण मी कंपनीतल्या ग्रॅनाइट प्लेटवरच केली, जेवणाच्या सुट्टीत, सुपरवायझरला सांगितलं पार्टचं डिबरिंग (कडांचे कंगोरे काढणं) आहे. १.२ मिमी काढली, व्हर्निअर लावून दर पंधरा घासांनी. आता जाड तार २.६ आणि बारीक २.० आहे. आयुष्यात एवढे टॉलरन्स धरले पण हात पहिल्यांदा थरथरले. बझ (तार फ्रेटला घासून येणारी खरखर) कुठेच नाही, फक्त बारीक तार चौदाव्याला थोडी तक्रार करते, तिकडे मी अजून पाच वर्षं तरी पोचत नाही.

तानपुरा ताई, तुमचं उत्तर मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. चार दिवस माझे कान खराब म्हणत होती. पेटी आहे. माळ्यावर होती, काल उतरवली. भाता उंदराने खाल्लाय, पण स्वर बरेच लागतात. मुलीला काळी दोनचा सा धरायला सांगितला आणि गिटार त्याला मिळवायला गेलो, कॅपो लागतो हे तेव्हा कळलं. तुम्ही म्हणालात तसं, पेटीसोबत वाजवली की ती दुसरी तार खुपत नाही. दोघी एकसारख्याच चुकतात ना.

मिसळभाऊ, सिलिका जेल टाकलं. दुकानातली बॅग फार पातळ आहे हे आईच्या लक्षात आलं, तर तिने जुनी सोलापुरी चादर कापून आतून अस्तर शिवायला घेतलंय. मी म्हटलं आई बॅग चांगली आहे, तर म्हणे तुझ्या वडिलांच्या पेटीला पण गवसणी मीच शिवली होती, वाद्य उघडं ठेवत नाहीत. मापाला गिटार मागितली. दिली. पूर्ण संध्याकाळ तिच्या मांडीवर होती, मला हात लावायला मिळाला नाही.

ई मायनर येतो. जी येतो. जी वरून सी ला जाताना मुलगी एक दोन तीन चार मोजते आणि मी सहाला पोचतो.

एक राहिलंच. काल मुलगी म्हणाली शाळेच्या गॅदरिंगला नेऊ का, मैत्रिणीला येते वाजवता. मी नाही म्हणालो. जरा जास्तच जोरात म्हणालो. ती गप्प बसली, मग मीच तासाभराने जाऊन हो म्हणालो, पण सोबत मी येणार, आणि स्टेजवर जाईपर्यंत मीच धरणार.

---

सहावी_तार

जाताना सहाव्या, म्हणजे जाड तारेवरून अंगठा ओढायला दे तिथल्या एखाद्या पोराला.

---

कडक_मिसळ

आणि एबीबी सर्कलला तो रिक्षावाला परत भेटला तर यावेळी वाजव. सिग्नल खरंच मोठा आहे तो.