मसुदा ‘फेटाळला’ की ‘बारगळला’?

खानापूरहून प्रश्न: वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहितेय. ब्रिटन आणि कॅनडात इंटरनेटवर पाळत ठेवणारे कायदे होता होता राहिले, त्यावर. ‘दोन्ही मसुदे संसदेने फेटाळले’ हे वाक्य वडिलांना खटकतंय. काय चुकलं?

शहापूर, बेळगाव: ताई, वडिलांचं बरोबर आहे. फेटाळायचं तर मत पडायला हवं. मतदान दोन्हीकडे झालंच नाही.

‘मसुदे’ हा आपल्या सीमाभागाचा घोळ. कन्नडमध्ये ‘मसूदे’ म्हणजे थेट विधेयक. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, अधिवेशन लागलं की कन्नड पेपरात ‘मसूदे मंडने’ वाचतो आणि तेच मराठीत उतरतं. माझ्याही हातून एका बातमीत ‘मसुदा मंजूर, कायदा लागू’ असं गेलंय, आजही सलतं. मराठीत मसुदा म्हणजे कच्चा खर्डा. मूळ अरबी शब्दात काळेपणाचा अर्थ आहे, शाईनं काळा केलेला कागद.

ब्रिटनचा जून २०१२ चा खरोखर मसुदाच होता. संसदेच्या संयुक्त समितीने डिसेंबरात त्यावर कडक टीका केली, एप्रिल २०१३ मध्ये उपपंतप्रधान निक क्लेग यांनी हे होणार नाही म्हणून सांगितलं. इथे ‘बारगळला’ म्हणा. बोलणी बारगळतात, ठरलेलं लग्न मोडतं. बारगळलेली बोलणी पुन्हा सुरूही होतात. २०१६ मध्ये तिथे तसाच कायदा झाला.

कॅनडाचं सी-३० मात्र विधेयक. १४ फेब्रुवारी २०१२ ला सभागृहात मांडलेलं. वॉरंटाशिवाय पोलिसांना ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक) मिळावा अशी तरतूद होती. लोक खवळले, आणि ११ फेब्रुवारी २०१३ ला न्यायमंत्र्यांनीच ते पुढे नेणार नसल्याचं जाहीर केलं. इथे ‘सरकारने गुंडाळलं’.

निपाणी: ‘पाळत’ही तपासा. पाळत ठरावीक माणसावर असते, संशयिताच्या दारासमोर पोलीस उभा असतो तशी. ब्रिटनच्या मसुद्यात तर सगळ्यांच्याच नोंदी, कोण कुणाशी कधी बोललं, कुठली साइट उघडली, कंपन्यांनी १२ महिने ठेवायच्या होत्या. संभाषणातला मजकूर त्यात नव्हता. कन्नड ‘कण्गावलु’ म्हणजे डोळ्यांचा पहारा, तो शब्द मला आवडतो, पण इथे तोही अपुरा. ‘सरसकट नोंदी ठेवणे’ लिहा. वाचणाऱ्याला आपल्या हातातल्या फोनचं काय होणार होतं ते लगेच कळेल.

खानापूर: बदललं. ‘ब्रिटनमध्ये सरसकट नोंदी ठेवण्याचा मसुदा बारगळला, कॅनडात सरकारने विधेयक गुंडाळलं.’ वडिलांनी वाचून मान डोलावली.