वायनरीत दुसऱ्यांदा जायचंय, या वेळी माती करायची नाहीये

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. मागच्या ऑगस्टमधे आम्ही घरचे नि ऑफिसचे मिळून नऊ जण अकलूजकडं वायनरी बघायला गेलो होतो. आधी वेळ घेतल्याशिवाय जाऊन उपयोग नाही म्हणून अकराची वेळ घेतलेली. आता आपल्या सोलापूरचं तुम्हाला माहितीये, सातला निघायचं म्हणजे साडेआठला निघालो, मोहोळला चहा, पंढरपूरला कुणाला तरी कळसाचं तरी दर्शन घ्यायचं होतं, पोचलो तेव्हा पावणेएक वाजलेले. तिथल्या मुलीनं बिचारीनं तोंडानं काही म्हटलं नाही पण मागं दुसरा ग्रुप येऊन उभा, मग काय, टाक्या बघा, बॅरल बघा, हे प्या ते प्या, सगळं लग्नाच्या शेवटच्या पंगतीसारखं उरकलं. सहा वाईन चाखल्या आणि घरी आईनं विचारलं कसली होती रे, तर मला "एक लाल होती ती बरी होती" एवढंच सांगता आलं.

तर आता फेब्रुवारीत परत जायचा विचार आहे. चौघंच, मी, बायको, मेव्हणा आणि त्याची बायको. मेव्हणा घेत नाही त्यामुळे गाडीचा प्रश्न नाही. फेब्रुवारी बरोबर आहे का? आणि आधी येऊन गेलोय हे सांगावं का, का परत तीच टूर पहिल्यापासून ऐकायची? वेगळं काही चाखायला मागितलं तर आगाऊपणा वाटेल का?

नान्नजचा_पावणा
फेब्रुवारीच बरोबर ओ. ऑगस्टमधे तुम्ही नुसता पाला बघून आलात. आपल्याकडं एप्रिलला खरड छाटणी (नवीन फांद्यांसाठी), ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (फळासाठी), आणि माल येतो जानेवारी ते मार्च. वाईनचंही तसंच, पांढरी द्राक्षं बहुतेक आधी निघतात आणि लाल मागनं.

आमची तीन एकर सोनाका आहे, म्हणजे खायची द्राक्षं, म्हणून सांगतो, वाईनचा घड पहिल्यांदा हातात घेतला तर तुम्हाला वाटेल बाग बिघडली यांची. मणी बारका, साल जाड, आत बी. आम्ही जीए (मणी वाढवायचं संजीवक) देऊन देऊन मणी फुगवतो कारण गिऱ्हाईकाला मोठा मणी पाहिजे, त्यांना तो नकोच असतो, कारण लाल वाईनचा रंग आणि तो जिभेला धरणारा तुरटपणा सालीतनं येतो, मणी बारका असला की रसाच्या मानानं साल जास्त. रस बहुतेक लाल द्राक्षांचाही पांढराच असतो, पिळून बघा. आणि गोडी म्हणाल तर आम्ही १७-१८ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) माल काढायला लागतो, ते २२-२४ पर्यंत थांबतात. तीच साखर पुढं अल्कोहोल होते.

सकाळची पहिली वेळ मागा. तोडणी गारव्यात करतात, ऊन चढल्यावर बागेत बघायला काही राहत नाही. तोडणी चालू असली तर एक मणी खाऊन बघू का असं विचारा, शेतकरी माणूस नाही म्हणत नाही, आणि मग त्याच द्राक्षाची वाईन चाखा.

जुळे_सोलापूर
का बे, मागच्या वेळी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा कुणी उघडला होता टेस्टिंगच्या आधी ते पण सांग की इथं 😂

होटगीरोडकर
बे गप. भूक लागली होती.

पुण्यात_रमलेला
मूळचा सोलापूरचाच, आता पुण्यात. चटणीचा विनोद सोडा, पण सहाच्या सहा वाईन सारख्या लागल्या असतील तर कारण तेच आहे. तिखटावर वाईन घेतली की जाळ अजून वाढतो, लाल वाईनचा तुरटपणा तर नुसता खरखरतो, वास वगैरे काही कळत नाही. डबा न्या पण नंतर खा. आणि बाटली घेऊन घरी आलात की चटणीबरोबर थोडी गोडसर शेनिन ब्लाँ (पांढरी वाईन) लावून बघा, ती जमते. अत्तर, पर्फ्युम त्या दिवशी नको, तुमच्यासाठी नाही तर शेजारच्यासाठी.

आधी येऊन गेलोय हे नक्की सांगा, आणि तिथं जाऊन नाही, वेळ घेतानाच. मी सरळ लिहितो: मागं अमुक महिन्यात आलो होतो, चौघं आहोत, टूर छोटी केली तरी चालेल, टेस्टिंगला जास्त वेळ हवाय, त्याचे वेगळे पैसे असतील तर कळवा. यात आगाऊपणा काही नाही. उलट जिथं वेळ घेऊनच बोलावतात तिथं त्यांनी तुमच्यासाठी माणूस बाजूला काढलेला असतो, काय पाहिजे ते आधी कळलं तर बाटल्या तशा उघडून ठेवता येतात. सहा वेगवेगळ्या मागण्यापेक्षा तीन-चारच मागा, पण जोडीनं. एकाच द्राक्षाची दोन वेगवेगळ्या वर्षांतली, नाहीतर एकच वाईन बॅरलमधली आणि बाटलीतली. फरक जोडीतच कळतो, एकेकटी प्यायली की सगळ्याच "बऱ्या".

तुमची ती वायनरी फ्रातेल्लीच असणार, अकलूजकडं म्हणजे तीच. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमधे भाऊ. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्या, त्यात पिएरो मासी हे इटालियन वाईनमेकर, झाले सात. म्हणून त्यांच्या मोठ्या वाईनचं नाव सेत्ते, म्हणजे सात. सांजोवेझे आणि कॅबरने सोव्हिन्यों या दोन लाल द्राक्षांचं मिश्रण आहे. तुमची "एक लाल" यातली होती का नुसती सांजोवेझे, ते या वेळी शोधून काढा.

फक्त नान्नजच्या पावण्याशी एका बाबतीत पटत नाही. तोडणीच्या दिवसांत तिथल्या लोकांना श्वास घ्यायला वेळ नसतो, ट्रॅक्टर येतायत, टाक्या भरतायत, वाईनमेकरशी बोलायचं असेल तर मार्च संपताना जा.

नान्नजचा_पावणा
मार्च संपताना बागेत काय बघणार, मोकळ्या फांद्या? बोलायला काय, फोनवर पण बोलता येतं. टाकीत लाल रस फसफसताना, साली वर आलेल्या, खालचा रस पंपानं परत वरनं सोडतायत, हे वर्षातनं तेवढ्याच दिवसांत दिसतं. शनिवार-रविवार सोडून जा म्हणजे झालं.

टेंभुर्णी_फाटा
रस्त्याचं मी सांगतो. माघी एकादशीच्या आगं-मागं जाणार असाल तर पंढरपूरमार्गे जाऊ नका, दिंड्या असतात. पुणे हायवेनं टेंभुर्णीपर्यंत या आणि तिथनं अकलूजला वळा. फेब्रुवारी म्हणजे कारखाने चालू, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रस्ताभर, ओव्हरटेकला जागा नाही, त्यामुळे गुगल दाखवेल त्याच्यावर पाऊण तास धरा. आणि अंधार पडायच्या आत हायवेला लागा, ट्रॉलीला मागं लाइट नसतो बऱ्याचदा.

मेव्हणा घेत नाही ना नक्की? रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की केस होते, आणि चार-पाच "घोट घोट" मिळून एक मोठा ग्लास कधी होतो कळत नाही.

पुण्यात_रमलेला
हे बरोबर. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका, आपल्याकडं लोक त्याला फुलदाणी समजतात. आणि बाटल्या घेतल्या तर डिकीत टाकून वाटेत जेवायला थांबू नका. सोलापूरचं ऊन फेब्रुवारीतच पस्तिशीला जातं, बंद गाडीत वाईन अक्षरशः शिजते. थर्माकोलचा डबा न्या, बर्फ नसला तरी चालेल. बिल जवळ ठेवा.

होटगीरोडकर
सगळ्यांना थँक्यू, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. तर ठरलं असं: फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, बुधवार, सकाळची पहिली वेळ, टेंभुर्णीवरून. आजच लिहून पाठवलं, मागच्या उशिराबद्दल सॉरी पण लिहिलं वर. तासाभरात उत्तर आलं, या म्हणाले, तोडणी चालू असेल तर बागेत नेऊ, आणि खाली एक ओळ: वेळेवर या.

जुळे_सोलापूर
ओळखलं बे तुला 😂 साडेपाचला दारात येऊन हॉर्न वाजवू का?

होटगीरोडकर
तू येणार नाहीयेस. चौघंच म्हटलंय.